आवाज दोन

रोज दुपारी सव्वाचार वाजले की माझा नवरा हिरवा होतो.

हसू नका. माझ्या फोनवर दिसतं ते. तीन आठवडे मी हे बघत होते आणि तीन आठवडे माझा नुसता जळफळाट चालला होता. घरात माझ्यासमोर बसून मी थापलेली भाकरी खाताना माणूस पिवळा. आणि दुपारी दुकानात गेला की अर्ध्या तासात हिरवागार! घरी परत आला, चपला काढल्या, मी विचारलं, "आलात का?" की पुन्हा पिवळा. सांगा आता, कुठली बायको गप्प बसेल?

नीट पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं बाईचं डोकं फिरलंय.

आमचे हे, दिगंबर वनमोरे, मिरजेत तंबोरे आणि सतारी बनवतात. चौदाव्या वर्षी उस्मानचाचांच्या दुकानात भोपळे घासायला बसले, आणि चाचांच्या माघारी तेच दुकान चालवतात. जानेवारीत एका सकाळी काम करता करता त्यांना दरदरून घाम फुटला. जबडा दुखायला लागला, मग खांदा. ह्यांचं आपलं एकच, "पित्त झालंय." शेजारच्या दुकानदारानं ऐकलं नाही, सरळ उचलून गाडीत घातलं. आमच्या मिरजेत एक बरं आहे, दवाखाना हाकेच्या अंतरावर असतो. मी शिलाई मशीनवरून उठून तशीच धावत गेले, तोवर ह्यांना आत नेलंही होतं.

डॉक्टर ऋता कुडचे म्हणजे माझ्या मुलीपेक्षाही लहान. पण बोलणं असं स्वच्छ की अडाण्यालाही कळावं. केसपेपरच्या मागच्या बाजूला तिनं मला चित्र काढून दाखवलं.

"काकू, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य तीन नळ्या असतात. काकांच्या एका नळीत आतल्या बाजूला चरबीचा थर होता. तो फुटला, त्यावर गुठळी धरली आणि नळी बंद पडली. बंद नळीच्या पुढचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत जातो. म्हणून मनगटातून एक बारीक तार आत घातली, गुठळीच्या पार नेली, त्या तारेवरून फुगा आणि फुग्यावर जाळी. फुगा फुगला की जाळी उघडते आणि नळी उघडी राहते. काका वेळेत आले. पन्नास मिनिटांत रक्त सुरू झालं."

तार आत सरकवायचं काम यंत्राचा हात करतो म्हणे, डॉक्टर काचेपलीकडे बसून त्याला चालवते. बाहेर आल्यावर ह्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "तार कुठल्या नंबरची होती?" कारागीर मेला तरी कारागीरच.

"पण जाळी बसवली म्हणून गोष्ट संपली नाही," ऋता म्हणाली. "ही नळी म्हणजे नळाचा पाइप नाही, ती जिवंत आहे. माणूस निवांत असला की तिचं आतलं अस्तर एक वायू सोडतं, त्यानं ती सैलावते. माणूस ताणात असला की ती आक्रसते. माणूस घरी गेल्यावर आत काय चाललंय ते आजवर आम्हाला कळत नव्हतं. ही नवी जाळी ते सांगते."

त्या जाळीच्या दोन्ही टोकांना मोहरीपेक्षा बारीक मापकं असतात. रक्ताचा दाब अलीकडे किती, पलीकडे किती, ते मोजत राहतात. छातीवर एक गोल चकती चिकटवतात, ती त्यांना वीजही देते आणि त्यांचं म्हणणं फोनवरही पाठवते. मी तिला टिकली म्हणायला लागले. सगळ्या आकडेमोडीचे शेवटी शंभरपैकी गुण होतात. ऐंशीच्या वर हिरवा, साठच्या वर पिवळा, खाली लाल.

आणि आणखी एक. टिकलीला कान असतात. शब्द साठवत नाही, फक्त आवाज कुणाचा ते ओळखते. कुणाच्या सहवासात नळी सैलावते हे दवाखान्याला हवं असतं. ह्यांनी तशी सहीच दिली होती. सांभाळणारी म्हणून माझा आवाज पहिल्यांदा नोंदवला. आवाज एक. मला बाई केवढा अभिमान वाटला होता!

जाताना ऋतानं सांगून ठेवलं, "दुसऱ्या नळीतही मोठा अडथळा आहे. स्नायूला विश्रांती देऊन सहा आठवड्यांनी ती उघडू. तोवर जपा. दुकानात बसायला हरकत नाही, ओझी उचलायची नाहीत."

मी जपलं हो. कमी मिठाचं जेवण, घड्याळ लावून गोळ्या. आणि पहिल्या रविवारी फोनवर आठवड्याचा अहवाल आला.

आवाज एक : सरासरी सदुसष्ट.

आवाज दोन : सरासरी त्र्याण्णव.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोण हा आवाज दोन? मुलगी हुबळीला, जावयाचा फोन महिन्यातून एकदा. मी सहज विचारल्यासारखं केलं, "दुकानात येतं का हो कुणी दुपारी?"

"कोण येणार? गिऱ्हाईक कमी झालंय," हे वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले. फोनवर बघितलं तर गुण सत्तरवरून चौसष्ट. मला खोटं पकडायला आता ह्यांचं तोंड बघायची गरजच उरली नव्हती.

दोन आठवडे असेच गेले. मग मी ठरवलं, आपणही गुण मिळवून दाखवायचे. सोमवारी अबोली रंगाची साडी नेसले. सहासष्ट. मंगळवारी दिवसभर तोंडातून चकार शब्द काढला नाही. एकसष्ट! वर हेच घाबरून विचारतात, "तुला बरं नाही का?" बुधवारी जवळ बसून पाय चेपून दिले. चेपताना एक डोळा फोनवर. आकडा अडुसष्टवर जाऊन अडकला तो अडकला. तेहतीस वर्षांच्या संसाराला अडुसष्ट मार्क! आणि त्या मेल्या आवाज दोनला काही न करता त्र्याण्णव. दहावीलासुद्धा मी एवढी रडले नव्हते.

गुरुवारी मी चार वाजता घराला कुलूप लावलं आणि सतारमेकर गल्लीत गेले.

अकरा वर्षांनी त्या दुकानाची पायरी चढत होते. का ते सांगते. तंबोऱ्याच्या तारा एका आडव्या पट्टीवरून, म्हणजे घोडीवरून जातात. त्या घोडीचा माथा कानशीनं असा घासावा लागतो की तार नुसती वाजत नाही, गुंजते. ह्याला जवारी काढणं म्हणतात. कुठं किती घासायचं ते डोळ्याला दिसत नाही, कानालाच कळतं. म्हणून एकानं तारा छेडत राहायचं आणि दुसऱ्यानं घोडीजवळ कान नेऊन ऐकायचं. बावीस वर्षं तारा मी छेडल्या. घरचं आवरून रोज दुपारी. एक दिवस भर गिऱ्हाइकासमोर हे म्हणाले, "अगं, बोट जड पडतंय तुझं. तार घाबरते."

गिऱ्हाईक हसलं. मी उठले, घरी आले आणि शिलाई मशीन घेतलं. पुन्हा तिकडं फिरकले नाही. ह्यांनीही "ये" म्हटलं नाही. दोघंही एका माळेचे मणी.

आणि त्या गुरुवारी मी बघितलं तर माझ्या जागेवर, माझ्याच सतरंजीवर, एक बाई बसलेली. पंचेचाळिशीची असेल. केस आखूड, गळ्यात काही नाही, डोळे मिटलेले, हळू सा धरलेला. तंबोऱ्यावर तिचं बोट असं फिरत होतं की तारेला लागतंय की नाही कळू नये. आणि हे घोडीला कान लावून, चेहरा असा निवांत, जसा माझ्यासमोर मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. फोनवर ब्याण्णव.

"वा!" मी म्हटलं. "ह्यालाच गिऱ्हाईक कमी झालं म्हणतात वाटतं!"

हे दचकले. कानस हातातून पडली. बाई घाईघाईनं उठली. "वहिनी, मी शर्वरी हेरवाडे. सांगलीत गाणं शिकवते. दादांकडे तंबोरा—"

"दादा म्हणता? छान! घरी बहिणीचा पत्ता नाही आणि दुकानात राखी!"

"उज्ज्वला, अगं गिऱ्हाईक आहेत त्या..."

"गिऱ्हाईक तारा छेडत बसतं? रोज? बोट हलकं असेल ना बाईंचं! तार घाबरत नसेल! आणि मला खोटं सांगितलंत? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?"

मी बोलतच सुटले. अकरा वर्षांचं साचलेलं होतं, ते थोडंच दोन वाक्यांत संपतंय! आणि मध्येच माझ्या हातातला फोन किंचाळायला लागला. एकोणसाठ. पंचावन्न. बावन्न. पडदा लालभडक. ह्यांनी छातीवर हात ठेवला आणि भिंतीला टेकले.

ह्यांच्या खिशातली जिभेखाली ठेवायची गोळी शर्वरीबाईनंच काढून दिली. आणि मला हळूच म्हणाली, "वहिनी, थोडं बाहेर उभ्या राहता का?" मी बाहेर उभी राहिले. माझ्याच नवऱ्याच्या दुकानाबाहेर, रस्त्यावर. आतून तंबोऱ्याचा आवाज यायला लागला. साठ. अडुसष्ट. एक्क्याऐंशी. आकडा चढताना बघून जीव भांड्यात पडत होता आणि त्याच वेळी जळफळाटही होत होता. दोन्ही एकदम होतं, मी शपथेवर सांगते.

दुसऱ्या दिवशी ऋतानं बोलावलं. तिच्याकडे सगळं पोचलेलं होतंच.

"काकू, कालच्या प्रकारामुळे आता सहा आठवडे थांबायचं नाही. सोमवारी दुसरी नळी करू. पण एक अडचण आहे. ही नळी वाकडी आहे आणि फार पटकन आक्रसते. तार आत असताना आक्रसली तर आतलं अस्तर फाटू शकतं. पेशंट जागा असतो, झोपवता येत नाही. म्हणून आता आम्ही उशाशी एका माणसाला बसू देतो. सोबत म्हणतो त्याला. योग्य सोबत असली की आक्रसण्याचं प्रमाण निम्म्यावर येतं, हे आम्ही आमच्याच पेशंटमध्ये बघितलंय."

"मग मी बसते की! विचारायचं काय त्यात?"

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. पडद्याकडे बघत म्हणाली, "सोबत आम्ही निवडत नाही. जाळीचे गुण निवडतात. ज्या आवाजाला सर्वांत जास्त गुण, तो."

मला कळायला क्षण लागला. मग मी काय बोलले ते सगळं सांगत नाही. एवढंच सांगते की तेहतीस वर्षांत ह्यांची काढलेली आजारपणं मी बोटांवर मोजून दाखवली. टायफॉइड, मूतखडा, पाय मोडला तो. "तेव्हा कुठं होता तुमचा आवाज दोन?"

"काकू, तुमचं सगळं खरं आहे," ऋता म्हणाली. "पण त्या नळीला ते माहीत नाही. सांभाळणाऱ्या तुम्ही, त्यामुळे सही तुमचीच लागेल. तुम्ही नाही म्हणालात तर उशाशी कुणीच बसणार नाही, मी माझ्या परीनं करीन. काकांना विचारलं, ते म्हणाले, उज्ज्वला म्हणेल तसं."

उज्ज्वला म्हणेल तसं! स्वतः सुटले आणि फास माझ्या गळ्यात.

मी तो कागद पर्समध्ये घालून दोन दिवस फिरवला. रविवारी सकाळी शेवटी सांगलीची बस धरली. शर्वरीबाईच्या घरी मुली सूर लावत बसल्या होत्या. तिनं त्यांना घरी पाठवलं आणि माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. मी पाणी प्यायले नाही.

"उद्या तुम्हाला त्यांच्या उशाशी बसायचंय," मी म्हटलं. "मला मान्य नाही. पण बसायचंय."

ती घाबरलीच. "वहिनी, मला रक्त बघवत नाही. आणि माझा काय संबंध? दादांना माझं आडनावसुद्धा धड येत नाही, अजून हेरवाडकर म्हणतात. त्यांचे हात थरथरायला लागलेत आजारपणानंतर. तारा छेडायला कुणीतरी हवं म्हणून बसते. आम्ही बोलतही नाही फारसं."

"न बोलता त्र्याण्णव?"

"कसले त्र्याण्णव?"

तिला काही माहीतच नव्हतं! मी ज्या बाईवर तीन आठवडे जळत होते तिला आपण शर्यतीत आहोत हेसुद्धा माहीत नव्हतं. मला आणखीनच राग आला. हरवायचं तर निदान ठरवून तरी हरवावं माणसानं. मी तिच्यासमोरच त्या कागदावर सही केली. पेन कागदातून आरपार गेलं.

"बोट जड आहे माझं," मी म्हटलं.

सोमवारी सकाळी नऊला ह्यांना आत नेलं. शर्वरीबाई हिरवा झगा घालून मागोमाग गेली. दार बंद झालं, आणि मी बाहेरच्या बाकावर फोन मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, "आत कोण आहे तुमचं?" मी म्हटलं, "नवरा." "आणि त्या आत गेल्या त्या?" मी म्हटलं, "आवाज दोन." ती जरा लांब सरकून बसली.

अठ्ठ्याऐंशी. नव्वद. मग तार आत गेली असणार, कारण एकदम एकाहत्तर झालं. मग चौसष्ट. मी ओठ चावला. आयुष्यात मी कुणासाठी केली नसेल एवढी प्रार्थना त्या बाईच्या गळ्यासाठी केली. गा गं बये, काय हवं ते कर, पण वर आण. चौसष्टवर आकडा बराच वेळ थरथरला. मग सत्तर. एकोणऐंशी. शहाऐंशी. मी रडत होते. ती ह्यांना वाचवतेय म्हणून, आणि तीच वाचवतेय म्हणूनही.

पाऊण तासानं शर्वरीबाई बाहेर आली. चेहरा पांढराफटक. "झालं, वहिनी. मी डोळे उघडलेच नाहीत. नुसता सा धरून ठेवला." मी तिचा हात धरला. गार पडला होता. बाकावर बसवलं, माझ्या पिशवीतला चहा ओतून दिला. आभार मानायला मात्र तोंड उघडलं नाही. ते मी अजून मानलेले नाहीत. मानेन कधीतरी.

ऋता बाहेर आली, हसत होती. "दोन्ही नळ्या आता मोकळ्या आहेत, काकू. पिवळ्याला घाबरायचे दिवस गेले. जा आत."

हे पडून होते. उजव्या मनगटाला घट्ट पट्टा. फोनवर चौऱ्याण्णव. मी दारातून आत पाऊल टाकलं, "काय हो, कसं वाटतंय?" म्हटलं, आणि आकडा घसरला. ब्याऐंशी. शहात्तर. पिवळा.

मी तिथंच थांबले. मग दोन पावलं मागं सरले.

"कुठं चाललीस?"

"बाहेर. मी आले की तुमची नळी आवळते. बघा, हा बघा फोन. तेहतीस वर्षं मी तुमच्या छातीवर बसलेय, तुम्ही बोलला नाहीत इतकंच. ती बाई आली की हिरवे, मी आले की पिवळे. सांगा ना, काय आहे तिच्यात?"

ह्यांना बोलायला वेळ लागतो, मला माहीत आहे. मी वाट बघितली, हेच नवल.

"तिच्यात काही नाही," शेवटी म्हणाले. "तिच्यासमोर मला कसली भीती? मी उद्या गेलो तर त्या चार दिवस हळहळतील आणि दुसरा कारागीर शोधतील. संपलं. तू आलीस, तुझा आवाज आला, की मला आठवतं. मी गेलो तर ही एकटी काय करणार. जेवणार का. भांडणार कुणाशी." मग थांबून म्हणाले, "छातीत आवळल्यासारखं होतं तेव्हा. पहिल्यापासून होतं. ह्या जाळीनं उगाच चहाडी केली."

मी खुर्ची ओढून बसले आणि ह्यांच्या डाव्या मनगटावर बोटं ठेवली, जिथं नाडी लागते तिथं.

"जड आहे तुझं बोट," हे म्हणाले.

"काढू?"

"राहू दे. दुकानात पण ये उद्यापरवा. तारेला होईल सवय."

मी फोनकडे बघितलं. एकाहत्तर. आवाज दोनला चौऱ्याण्णव मिळाले, खुशाल मिळोत. हे एकाहत्तर मी कुणाला देणार नाही.